‘व इतर’

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मंडळाच्या नाट्यप्रयोगांचा इतिहास लिहावा, अशी आज्ञा संपादक मंडळाने आम्हांस केली, तेव्हा आम्ही प्रथम मंडळाचे लोखंडी कपाट उघडले. वर्गणीची पावतीपुस्तके, जमाखर्चाच्या वह्या, आरतीसंग्रहाच्या वाळवी लागलेल्या प्रती, यांच्या तळाशी नाटकांच्या हस्तपत्रिकांचा एक गठ्ठा सुतळीने बांधून ठेवलेला होता. जुन्या पत्रिका सायक्लोस्टाइल केलेल्या, मधल्या छापील, अलीकडच्या संगणकावरच्या. पण त्या सर्वांची मांडणी एकच. वर नाटकाचे व नाटककाराचे नाव, मग दिग्दर्शक, मग नायक-नायिका ठळक अक्षरांत, खाली दुय्यम पात्रे, आणि कागद संपत आला की अखेरीस दोन शब्द : ‘व इतर’.

या ‘इतरां’त आमचीही गणना अनेक वर्षे होत आली आहे. नायकांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि ते तो आमच्याहून चांगला लिहितील. तेव्हा वाचकांची क्षमा मागून आम्ही या लेखात त्या दोन शब्दांचाच मागोवा घेण्याचे योजिले आहे. त्यासाठी आर. के. पुरमहून थेट सांगलीपर्यंत मागे जावे लागेल.

५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी सांगलीच्या दरबारात ‘सीतास्वयंवर’ सादर केले, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. त्या नाटकांची रचना मात्र आज आपणांस चमत्कारिक वाटेल. पद्ये सूत्रधाराने म्हणावयाची, विदूषकाने त्याची टर उडवावयाची, गणपती व सरस्वती येऊन आशीर्वाद देऊन जावयाचे, आणि मग देव, ऋषी, राजे, राक्षस यांनी कथाभाग चालवावयाचा. पात्रांची गद्य भाषणे लिहिलेली नसत. सूत्रधाराच्या पद्याचा आशय उचलून ज्याने त्याने आपल्या वकुबाप्रमाणे बोलावे, अशी वहिवाट होती. राक्षसांचे काम करणारे आरोळ्या ठोकीत, तलवारी खडखडवीत रंगभूमी दणाणून सोडीत. त्यांच्या त्या ‘अलल डुर्र’वरूनच पुढील पिढीने या नाटकांस नाव ठेवले. अशा व्यवस्थेत अमुक भूमिका मोठी व अमुक लहान, असे मोजणार कशाने? ज्याचा घसा व हिंमत मोठी त्याची भूमिका मोठी.

मोजमाप आले ते लेखणीबरोबर. विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ १८६१ साली आले आणि भाषणे अक्षरशः लिहून काढलेले नाटक मराठीत रुजू लागले. अशा नाटकांस त्या काळी ‘बुकिश’ म्हणत. आता प्रत्येक नटाला आपापल्या वाक्यांची ‘नक्कल’ उतरवून मिळू लागली. राजाची नक्कल वहीभर, प्रधानाची चार पाने, आणि द्वारपालाची अर्ध्या चिठोऱ्यावर. आमच्या मते लहान भूमिका हा प्रकार खऱ्या अर्थाने त्या दिवशी जन्मास आला. तत्पूर्वी लहान नट होते. यानंतर लहान भूमिका झाली, व ती कोणालाही देता येऊ लागली.

संस्कृत नाटककारांना अर्थात हे पूर्वीच उमगले होते. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यास ‘शाकुंतल’चा पहिला प्रयोग केला, त्या शाकुंतलाच्या मुळात कालिदासाचा एक धीवर आहे. माशाच्या पोटात सापडलेली राजमुद्रिका विकताना तो पकडला जातो, शिपायांच्या शिव्या खातो, मरणाची वाट पाहतो, आणि अकस्मात अंगठीच्या मोलाचे बक्षीस घेऊन सुटतो. नंतर तो पुन्हा नाटकात येत नाही. त्याने आणलेल्या अंगठीवाचून दुष्यंताला काहीही आठवणार नाही, हे खरेच. पण आम्हांस त्याहून विलक्षण वाटते ते असे की, कालिदासाने या माणसाला केवळ निरोप्या ठेवलेले नाही. आपल्या धंद्याची कुचेष्टा करणाऱ्या शिपायांना तो जातीच्या कर्माचा अभिमान धरून उत्तर देतो, आणि बक्षीस मिळताच त्यातला अर्धा वाटा त्यांच्याच हाती ठेवतो. भीती, मान आणि व्यवहार, ही तिन्ही एका चिमुकल्या प्रवेशात! शकुंतलेची भूमिका करावयास सगळे धावतात. धीवराची भूमिका ज्याच्या वाट्यास येते त्याने हा प्रवेश आधी चार वेळा वाचावा.

लहान भूमिकेचे सोने करण्याचे मार्ग दोन, एक सोपा आणि एक अवघड. सोपा मार्ग म्हणजे पदरची वाक्ये घालणे. हा रोग जुना आहे. शेक्सपिअरच्या हॅम्लेटने नटांना उपदेश करताना विदूषकांना बजावले आहे की, लिहून दिले त्यापेक्षा अधिक बोलू नका. ते हसतात, प्रेक्षकांतील काही रिकामटेकड्यांना हसवतात, आणि नेमका त्याच वेळी नाटकातला महत्त्वाचा मुद्दा वाहून जातो. आगरकरांनी १८८३ साली ‘विकारविलसित’ या नावाने हे नाटक मराठीत आणले आणि पुढे गणपतराव जोश्यांनी त्यातील चंद्रसेन गाजवला. नायकाच्या स्वगतांवर महाराष्ट्र लुब्ध झाला. या उपदेशाकडे हौशी रंगभूमीने पाहिल्याचे दिसत नाही. निदान आम्ही तरी पाहिले नव्हते, आणि त्याची किंमत दुसऱ्या कोणाला तरी द्यावी लागली. तो प्रसंग सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नाही.

आम्ही दिल्लीस नवे होतो. आर. के. पुरम ही केंद्र सरकारच्या नोकरांची वसाहत. सेक्टर पाचमध्ये तमिळ संगम, सेक्टर बारामध्ये कर्नाटक संघ, सेक्टर सातच्या टेकडीवर मलै मंदिर, आणि या सर्व शेजारात आपले मंडळ, गणपतीच्या मांडवात व कोणाच्या तरी क्वार्टरच्या बाहेरच्या खोलीत नांदणारे. येथे माणूस क्वार्टरच्या टाइपवरून ओळखला जाई, पण तालमीत ती ओळख उलटीपालटी होई. ज्यांच्या टेबलावर आठवडाभर फायली थांबत ते सहसचिव शनिवारी चोपदार होत, आणि त्यांच्याच मंत्रालयातील कनिष्ठ लिपिक छत्रपती. तालीम रंगात आली की कोणाची तरी बदलीची ऑर्डर येई, आणि मग बदली नटाचा शोध सुरू होई. ‘बदली’ या शब्दाचे हे दोन अर्थ सरकारी वसाहतीतील हौशी नटांइतके कोणास कळले असतील असे वाटत नाही. आम्ही रंगभूमीवर आलो ते असेच, एका बदलीच्या जागी दुसरी बदली म्हणून.

नाटक ऐतिहासिक होते. त्याचे नाव सांगत नाही, कारण दोष नाटकाचा नव्हता. आमची भूमिका हुजऱ्याची; वाक्ये दोन. खलिता द्यावयाचा, स्वार बाहेर तिष्ठत आहे असे सांगावयाचे, आणि मुजरा करून निघावयाचे. खलित्यात राजाच्या पुत्राच्या मृत्यूची वार्ता. तो वाचून राजाने जे भाषण करावयाचे त्यासाठी सगळे नाटक. राजाचे काम करणारे गृहस्थ त्या डिसेंबरात सेवानिवृत्त होऊन, क्वार्टर रिकामे करून, कोकणात कायमचे जाणार होते. दोन महिने ते ते भाषण बसवीत होते. तालमीत ते प्रत्येक वेळी खलिता मोडून पाहत, आणि त्या एवढ्याशा वेळात आम्हां सर्वांचा श्वास अडकत असे.

प्रयोगाच्या रात्री आम्ही प्रवेश केला. समोर तुडुंब मांडव. पहिल्या ओळीत कार्यालयातील मंडळी. मुजरा केला, खलिता दिला, आणि आमच्या मनात काय संचरले ते देव जाणे! ‘स्वारास यावयास उशीर झाला, महाराज, धौला कुआँवर खोळंबला होता,’ असे वाक्य तोंडून निघून गेले. मांडव कोसळला. टाळ्या, शिट्या, हशा. त्या हशाने आम्ही इतके फुशारलो की जाता जाता आणखी एक वाक्य टाकले, त्यालाही टाळी मिळाली. विंगेत प्रॉम्प्टर पाने उलटीत राहिला. राजाने खलिता मोडला. ते थांबले. हशा ओसरेना. अखेर त्यांनी भाषणास सुरुवात केली, तर पुत्राचे नाव उच्चारताच मागच्या ओळीत कोणीतरी फिसकन हसले, आणि मग सगळे भाषण त्या हशाच्या चिखलातून त्यांनी ओढत नेले.

प्रयोग संपल्यावर रंगपटात ते खोबरेलाने तोंडावरचा रंग पुसत बसले होते. आम्ही जवळ गेलो. त्यांनी आरशातूनच पाहिले आणि म्हणाले, ‘छान टाळी घेतलीत.’ आवाजात राग नव्हता. डिसेंबरात ते गेले. पत्र लिहावे असे आम्ही अनेकदा ठरवले, ते लिहून झाले नाही, आणि पुढे काही वर्षांनी ते निवर्तल्याचे कळले. त्यांनी त्यानंतर पुन्हा तोंडास रंग लावला नव्हता, असेही कळले.

असो. आता दुसऱ्या, अवघड मार्गाकडे वळू. तो मराठी नाटककारांनी स्वतःच आखून ठेवलेला आहे. देवलांच्या ‘संशयकल्लोळ’मध्ये पात्रांना महिन्यांची व नक्षत्रांची नावे आहेत, आणि फाल्गुनराव, आश्विनशेठ यांच्या पंक्तीस त्यांनी गड्यालाही एक महिना देऊन टाकला : भादव्या. १८९३च्या ‘फाल्गुनराव’ या गद्य नाटकातून १९१६ साली गंधर्व मंडळींच्या संगीत रूपात हे नाटक आले, तेव्हा गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव आणि बालगंधर्वांची रेवती यांनी ते अजरामर केले. पण धन्याच्या संशयाला जळण लागते, आणि ते पुरविणाऱ्यांत हा गडी आहे. भादव्याने स्वतःसाठी हशा काढला तर फाल्गुनरावाचा संशय खोटा पडतो. त्याने जे पाहिले ते निरागसपणे सांगितले, तर तोच हशा दुप्पट होऊन धन्याच्या मुद्रेवर फुटतो. म्हणजे लहान नटाने पेरावयाचे आणि पीक दुसऱ्याच्या शेतात यावयाचे. १९१९च्या ‘एकच प्याला’त तळीरामाच्या बिछान्याशी भांडणारे डॉक्टर व वैद्य यांचेही तसेच. रोगी मरावयास टेकला आहे, याचे भान त्या दोघांना नसावे पण त्यांची सोंगे घेणाऱ्या नटांना असावे, एवढी कसरत गडकऱ्यांनी दोन किरकोळ पात्रांकडून मागितली आहे.

रशियात स्तानिस्लाव्हस्की आणि नेमिरोव्हिच-दान्चेन्को यांनी १८९७ साली एका उपाहारगृहात दीर्घ चर्चा करून ज्या नाट्यसंस्थेची आखणी केली, त्या मॉस्को आर्ट थिएटरचा एक दंडकच असा होता की, आजच्या नायकाने उद्या गर्दीत उभे राहावयास कुरकुरता कामा नये. त्याच संस्थेने १९०४ साली चेखॉव्हचे ‘चेरी ऑर्चर्ड’ रंगविले. सगळे निघून जातात, घराला कुलूप लागते, आणि आत विसरून राहिलेला म्हातारा नोकर फिर्स एकटाच रंगभूमीवर येतो. नाटकातील अखेरचा मानवी स्वर त्याचा. आमच्याकडे कंपनीच्या काळात ‘राजापार्टी’ नटाचा दिमाख वेगळा असे. असा दंडक तेथे चालला असता की नाही, याची आम्हांस शंकाच आहे.

दिल्लीकर मराठी माणसाला एका गोष्टीचा अभिमान वाटतो, व तो सार्थ आहे. संगीत नाटक अकादमीच्या १९५४च्या राष्ट्रीय नाट्यमहोत्सवात येथे मुंबई मराठी साहित्य संघाने खाडिलकरांचे ‘भाऊबंदकी’ सादर केले आणि पहिला मान मिळविला. नानासाहेब फाटकांचे राघोबा आणि दुर्गाबाई खोट्यांची आनंदीबाई यांचे नाव त्या प्रयोगाशी कायमचे जोडले गेले. पण त्या नाटकाचा कणा कोणता, असे विचाराल तर आम्ही रामशास्त्र्यांकडे बोट दाखवू. राघोबा-आनंदीबाईंच्या मानाने त्यांच्या वाट्याला प्रवेश थोडे. मात्र हा एक माणूस रंगभूमीवर नसतानाही त्याला काय वाटेल याचा धाक उरलेल्या सर्वांच्या बोलण्यात असावा लागतो, तरच तो आल्यावर देहान्त प्रायश्चित्त उच्चारू शकतो. म्हणजे रामशास्त्र्यांची भूमिका अर्धी रामशास्त्री करतात आणि अर्धी इतर नट.

हाच विचार आम्हांस विजय तेंडुलकरांच्या दोन नाटकांपाशी नेतो, आणि येथे थोडे रेंगाळण्याची परवानगी असावी. कारण हौशी मंडळांचे अंतरंग त्यांच्याइतके निर्दयपणे दुसऱ्या कोणी उघडे केलेले नाही.

‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक १९६७ साली ‘रंगायन’ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली केले, सुलभा देशपांडे यांची बेणारेबाई प्रसिद्धच आहे. त्यातील नाटकमंडळी आपल्यासारखीच हौशी. अभिरूप न्यायालयाचा खेळ करण्यासाठी ती एका गावी येते, चौथ्या साक्षीदाराचे काम करणारा आजारी पडतो, आणि हॉल उघडून देण्यासाठी आलेल्या सामंत नावाच्या साध्याभोळ्या गावकऱ्याला त्या जागी उभे करण्यात येते. त्याला कोर्टाची रीत कळावी म्हणून लुटुपुटीचा खटला सुरू होतो, आरोपी म्हणून बेणारे, आणि आरोप भ्रूणहत्येचा. सामंताला कोणाचेही वाईट करावयाचे नाही. मिळालेले काम चोख व्हावे, शहरातून आलेल्या मंडळींनी शाबासकी द्यावी, एवढीच त्याची हौस. बोलावयास काही हवे म्हणून तो जवळच्या कादंबरीतला मजकूर साक्षीत घालतो, आणि त्या उसन्या वाक्यांनी एका जिवंत स्त्रीचा घास घेण्यास प्रारंभ होतो.

हे नाटक आम्ही प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. पदरची वाक्ये! खलिता घेऊन गेलेला हुजऱ्या आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यातला सामंत, दोघांनाही टाळीच हवी होती. पण तेंडुलकरांनी सामंताला एक गोष्ट दिली आहे, जी आम्हांस मिळाली नाही. सर्व संपल्यावर, बेणारे निपचित पडलेली असताना, तोच परत येतो. काय करावे हे न कळून आपला हिरवा कापडी पोपट तिच्यापुढे हळूच ठेवतो, आणि निघून जातो. संवाद शून्य. त्या भूमिकेचे मोल त्या पोपटात आहे. जो सामंत मधल्या साक्षीत सगळे हशे वसूल करून बसतो, त्याच्या हातातला पोपट शेवटी नुसतेच खेळणे राहतो.

दुसरे नाटक ‘घाशीराम कोतवाल’. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यास भरत नाट्य मंदिरात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने ते प्रथम केले. दिग्दर्शन जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद. मोहन आगाशे यांचा नाना आणि रमेश टिळेकर यांचा घाशीराम सर्वांच्या स्मरणात आहेत. पुढे थिएटर अकादमीने १९८० साली हे नाटक युरोपातही नेले. परंतु त्या नाटकाचा खरा नायक आमच्या मते ती दहा-बारा माणसांची रांग आहे. ते ब्राह्मण झुलत, गात उभे राहतात आणि पडदा होतात. पाठ फिरवतात आणि भिंत होते. फुटतात आणि बावनखणी दिसू लागते. ज्या गणपती-सरस्वतीने भाव्यांच्या नाटकांस आरंभ होई, ते येथेही नाचत येतात. म्हणजे सव्वाशे वर्षांनी रंगभूमी पुन्हा अशा ठिकाणी आली, जेथे भूमिका वाक्यांवर मोजता येत नाही. रांगेतला एक जण अर्धा क्षण उशिरा वळला की भिंतीला भोक पडते, आणि प्रेक्षकाला त्या भोकातून नट दिसतो.

रांगेत उभे राहणे म्हणजे काय, हे आम्ही शिकलो ते मात्र आपल्याच मंडळात. त्या फसलेल्या प्रयोगानंतरच्या वर्षी दिग्दर्शकांनी आम्हांस द्वारपाल केले, वाक्य एकही नाही. शिक्षाच होती. पूर्ण अंक भाला धरून उभे! पहिल्या तालमीत आम्ही भिंतीवरचे घड्याळ पाहत होतो. तेव्हा सेक्टर आठमधील एक काकू, ज्यांनी मंडळात वर्षानुवर्षे शेजारीण, दाई, मोलकरीण याखेरीज काही केले नाही, आम्हांला म्हणाल्या, ‘अहो, तुम्ही दाराशी उभे आहात ना? मग आत काय बोलताहेत ते ऐकू येणारच की तुम्हांला.’

एवढेच. आम्ही ऐकू लागलो. पाठ झालेली भाषणे पहिल्यांदाच ऐकू लागलो. त्या काकूंचे काम पाहणे हा एक अभ्यास होता. एका सामाजिक नाटकात त्यांना पाण्याचा पेला आणून ठेवावयाचा होता. विंगेत त्या पाच मिनिटे आधी येऊन उभ्या राहत. कोणत्या खोलीतून आलो, हात ओले आहेत की कोरडे, हे त्यांनी ठरवलेले असे. आत सासू-सून भांडत आहेत. काकू येत, पेला सुनेपुढे ठेवता ठेवता थबकत, सासूकडे पाहत, आणि पेला जरा अलीकडे सरकवून निघून जात. त्या घरात कोणाचे चालते, हे लेखकाने दोन पानांत सांगितले होते. मांडवातल्या बायकांना ते त्या पेल्यावरून आधीच कळलेले असे. टाळी कधी मिळाली नाही. सुनेचे काम करणारी मात्र म्हणे, काकू पेला ठेवतात तेव्हाच मला रडू येते, एरवी आणावे लागते.

कपाटातील पत्रिकांवर या काकूंचे नाव कोठेही नाही. राजाच्या त्या प्रयोगाची पत्रिका आहे. तीवर राजाचे नाव ठळक आहे, आणि आम्ही ‘व इतर’ मध्ये. एका जुन्या प्रॉम्प्टरांनी काही पत्रिकांच्या पाठीवर पेन्सिलीने इतरांची नावे टिपून ठेवलेली सापडली, ती आम्ही या लेखासोबत स्वतंत्र यादीत देण्यासाठी संपादकांकडे सुपूर्द केली आहेत. छायाचित्रांवरून आणखी काही जण ओळखता आले. एका छायाचित्रात डाव्या टोकाला एक भालदार उभा आहे. त्याची मिशी एका बाजूने सुटून लोंबते आहे, तरीही तो हललेला नाही, दृष्टी समोर बोलणाऱ्या पात्राकडे आहे. तो कोण, हे जुन्या सभासदांपैकी कोणासही सांगता येईना. मूळ प्रत मंडळाच्या कपाटात ठेवली आहे. ज्यांना तो ओळखता येईल त्यांनी कृपया चिटणिसांना कळवावे.